कंडाची रोजकीर्द: 'भांगेची' म्हणून आणलेली तीन औषधं, नऊ महिने

आधी आकडा. गेल्या दसऱ्याला रात्री अंथरुणावर पडताना माझी खाज दहापैकी सात होती. आज, आषाढात, ती दोनावर आहे, वाईट दिवशी तीनावर. मधल्या नऊ महिन्यांत तीन गोष्टी वापरल्या: हेम्प सीड (म्हणजे भांगेच्या बियांचं) तेल, जर्मनीहून आलेलं पीईए नावाच्या द्रव्याचं क्रीम आणि विजया, म्हणजे भांगेच्या, अर्काचं आयुर्वेदिक मलम. तिन्हींची जाहिरात 'कॅनाबिनॉइड', म्हणजे गांजा-भांगेतल्या द्रव्यांचं कुळ, याच शब्दावर चालते. प्रत्यक्षात तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो विकणारा सांगत नाही, म्हणून हे लांबण.

मी सोलापूरचा. बत्तीस वर्षं पतसंस्थेत काढली, आधी कॅशिअर, मग शाखाधिकारी. वय ६४. हृदयाची एक झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज सुरू. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल. दोन्ही नडग्या थंडीत अशा कोरड्या पडतात की नखाने रेघ ओढली तर पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखी पांढरी उमटते. आणि उजव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला एक जाड, काळपट चट्टा, अकरा वर्षांचा. मी त्याला इसब म्हणत होतो, शेजारी नायटा म्हणत होते आणि एकाने तर गजकर्णाचं मलम आणून दिलं होतं. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं: लायकेन सिम्प्लेक्स. म्हणजे खाजतं म्हणून खाजवायचं, खाजवल्याने कातडं जाड व्हायचं आणि जाड झालं की अजून खाजायचं. 'खाजवून खरूज काढणे' ही म्हण मी सभासदांच्या भांडणात शेकडो वेळा वापरली असेल. स्वतःच्या पायावर तिचा अर्थ कळायला साठी उलटली.

मॅडमनी आधी रक्त तपासायला लावलं: साखर, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली खाज कधीकधी आतल्या दुखण्याचा निरोप असते म्हणाल्या. माझं सगळं ठीक निघालं. ॲलर्जीच्या गोळ्या मी आधी वर्षभर खाल्ल्या होत्या, त्यांनी फक्त झोप यायची. जुनाट खाज बऱ्याचदा हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या द्रव्याच्या, वाटेने येतच नाही, तिचे मज्जातंतू वेगळे, मग हिस्टामिन अडवून काय उपयोग? हे कुणी आधी सांगितलं असतं तर दुपारच्या डुलक्या वाचल्या असत्या.

दसऱ्याच्या आधी भाची जर्मनीहून आली आणि तिने एक ट्यूब हातात ठेवली. "मामा, हे लावा. यात गांजासारखं काम करणारं काहीतरी आहे." आमच्या हिने स्वयंपाकघरातून ऐकलं. "अहो, या वयात आता गांजा?" पुढचे दोन दिवस घरात मला 'बाबाजी' म्हणत होते.

मी स्वभावाने व्हाउचर बघितल्याशिवाय पैसे न देणारा. भाचीला म्हटलं, जे काय संशोधन आहे ते मला साध्या भाषेत सांग. ती औषधनिर्माण शास्त्र शिकलेली, त्यामुळे दिवाळीपर्यंत माझी फोनवर चांगली शिकवणी झाली. त्यातलं लक्षात राहिलेलं सांगतो.

गांजात नशा आणणारा जो घटक, टीएचसी, त्याची रचना इस्रायलचे राफाएल मेशुलाम आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली उलगडली. हा घटक शरीरात कुठे जाऊन बसतो, ती जागा १९८८ साली सापडली. मग प्रश्न पडला की माणसाच्या शरीरात गांजासाठी खुर्ची मांडून ठेवली कुणी? १९९२ मध्ये उत्तर मिळालं: शरीर स्वतःच तसलं द्रव्य बनवतं. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आणि हा 'आनंद' आपलाच, संस्कृतातला. या खुर्च्या, म्हणजे सीबी-१ आणि सीबी-२, फक्त मेंदूत नाहीत. त्वचेच्या पेशींत, खाजेचा निरोप वाहून नेणाऱ्या तंतूंत आणि हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशींतही त्या आहेत. म्हणून खाजेवर याचा उपयोग होईल ही कल्पना हवेतली नाही.

माझ्या ट्यूबमधलं पीईए मात्र गांजाच्या झाडातून काढलेलं नाही. पूर्ण नाव पामिटॉइलइथेनॉलअमाइड, म्हणताना जिभेला गाठ पडते. तेही शरीरात बनणारंच, आनंदामाइडचं चुलतभावंड म्हणा. ते त्या खुर्च्यांवर स्वतः नीट बसत नाही. मास्ट पेशींना शांत करतं आणि आनंदामाइड जास्त वेळ टिकू देतं, असा त्याचा आडमार्गी कारभार. नशा शून्य. १९५७ साली ते वेगळं काढलं ते अंड्याच्या बलकातून, सोयाबीनमधून आणि शेंगदाण्याच्या पेंडीतून. शेंगदाणा म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाचे कान टवकारणारच. पण शेंगाचटणी मी जन्मभर खातोय आणि चट्टा अकरा वर्षं जागचा हलला नव्हता, तेव्हा तो नाद सोडा.

आता वापर. सुरुवात क्रमाने नाही झाली, कारण ट्यूब संपू नये म्हणून मी ती कपाटात ठेवली आणि आधी स्वस्तातलं म्हणून हेम्प सीड तेल मागवलं. टिपिकल.

तेलाबद्दल थोडक्यात: हे भांगेच्या बियांचं तेल. बियांत कॅनाबिनॉइड जवळपास नसतातच. आपल्याकडे २०२१ पासून हेम्पच्या बिया आणि तेल खाण्याचा पदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे, ती याचमुळे. म्हणजे बाटलीवर सात टोकांचं ते प्रसिद्ध पान छापलेलं, आत मात्र जवसाच्या तेलाच्या जातीचं एक तेल. वाईट नाही. अंगाला लावलं की मऊ वाटतं, खोबरेलापेक्षा लवकर जिरतं. पण हिरवट रंगाने पांढऱ्या लुंगीच्या दोन घड्या कायमच्या गेल्या, आणि उरलेली बाटली एप्रिलमध्ये उघडली तर सुक्या मासळीच्या टोपलीसारखा वास. असली तेलं उन्हाने लवकर खवट होतात, सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. फिनलंडमध्ये २००५ साली वीस इसबाच्या रुग्णांवर याची चाचणी झालेली आहे, त्यात कोरडेपणा आणि खाज कमी झाली. मात्र त्यांनी ते रोज प्यायलं होतं, लावलं नव्हतं. ऑलिव्ह तेलाशी तुलना होती. मी पिण्याच्या भानगडीत पडलो नाही. रोजकिर्दीत आकडा: सातावरून सहा. खोबरेलानेही तेवढा होतो.

ही रोजकीर्द म्हणजे जुनी दोनशे पानी वही. रोज रात्री तीन रकाने: नडगी, घोटा, झोप. पहिल्या दोन्हींत शून्य ते दहा. झोपेच्या रकान्यात रात्री किती वेळा जाग आली ते. डॉक्टर मॅडमनीच सांगितलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दुखणं खरं आठवत नाही, त्याच रात्री लिहा. हा त्यांचा सल्ला सगळ्या मलमांपेक्षा भारी निघाला.

दिवाळी झाल्यावर ट्यूब उघडली. क्रीम पांढरं, वास नाही, हाताला चिकट लागत नाही, विजार घातली तरी डाग पडत नाही. दिवसातून दोनदा, आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच आणि झोपताना. दहाव्या दिवशी नडगीचा आकडा चारावर. नोव्हेंबर संपता संपता तीन. मी इतका खूश झालो की भाचीला रात्री साडेअकराला फोन केला (तिच्याकडे संध्याकाळ असते, तेवढं बरं). तिने अभिनंदन केलं नाही. म्हणाली, "मामा, क्रीम सुरू केल्यापासून अजून काय काय बदललं?"

बरंच बदललं होतं. कढत पाणी बंद केलं होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड. त्यात मी बंबातलं कढत पाणी घेऊन वजरीने नडग्या घासायचो, खाजेला तेवढंच समाधान. ते मॅडमनी थांबवलं होतं. साबण फक्त काखेत आणि जांघेत. शिवाय रोज दोनदा कसलंतरी क्रीम, जे मी आयुष्यात कधी लावलं नव्हतं. मग खात्यात जमा नक्की कशाची?

भाचीने सांगितलेल्या कागदांतही हीच गाठ आहे. २००८ साली जर्मनीतून एक मोठा अभ्यास आला: २,४५६ इसबाचे रुग्ण, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, सगळ्यांना पीईएचं क्रीम. खाज सरासरी साठेक टक्के उतरली, झोप सुधारली, बऱ्याच जणांचं स्टेरॉइड मलम सुटलं. आकडा छातीत भरण्यासारखा आहे, पण पीईए नसलेलं क्रीम लावणारा दुसरा गटच नव्हता. त्याआधी २००६ मध्ये माझ्यासारख्याच चट्ट्यांचे आणि गाठींचे २२ रुग्ण, त्यांतल्या १४ जणांना चांगला गुण. तिथेही तुलना नाही. २०१४ साली चीनमध्ये साठ जणांवर तुलना करून बघितली, तेव्हा पीईएच्या जातीचं क्रीम साध्या क्रीमपेक्षा सरस ठरलं. आणि २०१७ मध्ये, पुन्हा जर्मनीत, कोरड्या त्वचेच्या खाजेचे शंभर जण घेतले, निम्म्यांना पीईएचं लोशन, निम्म्यांना तेच लोशन पीईए वगळून. खाज दोघांचीही उतरली, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

हे ऐकल्यावर मला राहवेना. घरातच ऑडिट लावलं.

हिने हळदीकुंकवाला वाटायला आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यांतल्या दोन घेतल्या, एकसारख्या, झाकणं गुलाबी. एकीत भाचीचं क्रीम, दुसरीत आपल्या मेडिकलमधलं साधं पांढरं क्रीम, ज्यात ग्लिसरिन आणि पॅराफिन. कुठलं कुठे ते फक्त हिला माहीत. झाकणावर नेलपॉलिशने एक ठिपका आणि दोन ठिपके. एक ठिपका डावी नडगी, दोन ठिपके उजवी. संक्रांतीपासून तीन आठवडे, दोन्ही पायांचे आकडे वेगळे लिहायचे. त्याआधी चार दिवस दोन्ही पाय कोरडे ठेवले, आकडा पाचावर चढू दिला. ते चार दिवस वाईट गेले.

तीन आठवड्यांनी डावीचा आकडा अडीच, उजवीचा अडीच. मी छातीठोक सांगितलं की उजवीला जर्मन क्रीम आहे, कारण उजवी मऊ लागत होती. हिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेलं उघडून दाखवलं. जर्मन डावीला होतं. तीनशे वीस रुपयांचं साधं क्रीम उजवीवर बसून माझ्याकडून शाबासकी घेत होतं. ही आठवडाभर भेटेल त्याला सांगत होती.

एका माणसाच्या दोन पायांवरून शास्त्र ठरत नाही, हे कबूल. पण माझ्या खिशाचं ठरलं. फेब्रुवारीपासून नडग्यांना साधं क्रीम.

घोट्याचा चट्टा ही वेगळी भानगड. तिथे पीईए क्रीम मी अजूनही लावतो आणि का ते नीट सिद्ध करू शकत नाही. मॅडमनी तिथे सुरुवातीला तीन आठवडे स्टेरॉइड मलम दिलं, मग फक्त शनिवार-रविवार. शिवाय रात्री जाड सुती मोजा घालून झोपायचं, म्हणजे झोपेत नख पोचत नाही. मार्चपर्यंत कातडं निम्म्याने पातळ झालं, काळपटपणा आहे. मधल्या वारी क्रीम नाही लावलं तर चट्टा गुरुवारपर्यंत चुळबुळायला लागतो, लावलं तर रविवारपर्यंत गप्प असतो, असं वहीत चार वेळा दिसलंय. चारच वेळा. आणि तिथे मी साध्या क्रीमची बरोबरी लावून बघितलेली नाही, कारण अकरा वर्षांनी गप्प बसलेल्याला उगाच डिवचायची हिंमत झाली नाही. सगळं श्रेय मोज्याचं असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आता विजया मलम. हे खरं भांगेच्या पानांच्या अर्काचं. आपल्याकडचा कायदा गमतीचा आहे: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. मी ऑनलाइन मागवलं तेव्हा आधी एका वैद्यांशी व्हिडिओवर बोलणं झालं. ते साडेतीन मिनिटं चाललं. माझी झडप आणि गोळी मी होऊन सांगितली, त्यांनी विचारली नव्हती.

तीस ग्रॅमची डबी, तेराशे रुपये, झाकण सैल, खोका तेलकट. तक्रार केली तर डबी उघडल्याचा व्हिडिओ मागितला. तो कोण काढतो? लावल्यावर मात्र पहिल्या दोन मिनिटांत खाज गायब. नुसती कमी नाही, गायब. मला वाटलं, हेच ते! मग चष्मा लावून घटक वाचले: विजया अर्क, तीळ तेल, मेण, पुदिन्याचं सत्त्व, कापूर. पुदिना आणि कापूर त्वचेतले थंडाव्याचे तंतू जागे करतात आणि तेवढा वेळ खाजेचा निरोप मागे पडतो. दुकानातल्या डोकेदुखीच्या बामनेही तेच होतं; मी लावून बघितलं, होतं. पाऊण तासाने खाज परत, आणि भेगाळलेल्या जागी लावलं तर डोळ्यांत पाणी. विजयेचा वाटा यात किती, हे त्या डबीवरून कळायला मार्गच नाही, कारण अर्क किती मिलिग्रॅम ते छापलंय, पण त्या अर्कात टीएचसी किती, सीबीडी (भांगेतलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) किती, हे नाही. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तेव्हा फक्त २६ मध्ये लेबलाइतका माल निघाला होता, १८ मध्ये टीएचसी सापडलं. तिथे ही गत, तर तेलकट खोक्यावर मी किती विश्वास ठेवणार? डबी निम्मी शिल्लक आहे. हिच्या गुडघ्याला लागते कधीकधी.

त्याच कंपनीने जिभेखाली टाकायचे थेंबही सुचवले होते, 'आतून काम करतात' म्हणून. हे कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सीबीडी यकृतातली अशी विकरं अडवतं ज्यांच्यावर बऱ्याच गोळ्यांचा निचरा अवलंबून असतो. माझी रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांतलीच, तिचं प्रमाण चढलं तर रक्तस्रावाचा धोका. मॅडम एरवी शांत असतात. थेंबांचा विषय काढला तेव्हा पेन खाली ठेवून बोलल्या.

पोटातून किंवा ओढून घेण्याचे पुरावे मोजकेच आहेत, आणि तेही अशा रुग्णांचे ज्यांचं सगळं करून झालं होतं. २००२ साली अमेरिकेत यकृताच्या आजाराच्या असह्य खाजेच्या तिघांना रात्री पाच मिलिग्रॅम ड्रोनाबिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, दिलं. चार ते सहा तास उतार पडला, झोप लागली. तीन रुग्ण. २०२१ मध्ये साठीतल्या एका बाईंची हकिकत छापून आली, दहा वर्षांची खाज, वैद्यकीय गांजाने दहा मिनिटांत दहावरून चारावर. एक रुग्ण. अशा हकिकती वाचून मन हलतं, कारण रात्रभर खाजणारा माणूस कशालाही तयार होतो, ते मी जाणतो. पण एकाची हकिकत म्हणजे एकाची हकिकत.

पतसंस्थेतला माझा जुना जोडीदार आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्याची खाज पाठभर, आणि माझ्यापेक्षा वाईट. त्याला मी एक ट्यूब दिली, कारण पोलंडमध्ये २००५ साली डायलिसिसच्या २१ जणांनी आनंदामाइड आणि पीईएचं क्रीम तीन आठवडे लावलं, तेव्हा आठ जणांची खाज पूर्ण गेली होती. तिथेही तुलना नाहीच. त्याची पाठ मऊ झाली, कोंडा गेला, रात्रीची खाज सातावरून पाच. मग त्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी डायलिसिसनंतर घ्यायची एक गोळी सुरू केली आणि ती तीनावर आली. ट्यूब त्याने परत केली नाही, मीही मागितली नाही.

वहीतला एक शेरा राहिला. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून दोन्ही रकाने आपोआप अर्ध्या-एकाने उतरलेत, काहीही न बदलता. हवा ओली, कातडं ओलं. म्हणजे आजच्या दोनात पावसाचाही हिस्सा आहे, आणि खरी परीक्षा पुढच्या मार्गशीर्षात.

भाचीचा परवा फोन होता, दिवाळीला येताना किती ट्यूब आणू. मी म्हटलं, घोट्यापुरती एक पुरे. मागून ही म्हणाली, "आणि उरलेल्या जागेत चॉकलेट आण गं, ते डब्या बदलून दिलं तरी ओळखतील."